लोण्याची सुरी आणि पडद्याची चौकट

ऑरेस्टने हात लावलेली वस्तू पुन्हा धड चालल्याचं डॉफिन गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. निवृत्त झाल्यापासून तर तो स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालूनच न्याहारीला बसायचा. बायको स्टेफा मात्र त्याच्याहून वस्ताद.

आज संध्याकाळी चर्चचं जेवण होतं. कोबीच्या पानांत भात-खिमा गुंडाळून भाजायचं काम स्टेफाकडे, आणि ऑरेस्टची नजर ओव्हनच्या करकरणाऱ्या दारावर.

"अरे, आधी माझा लॅपटॉप बघ ना. पडद्याची चौकट पुन्हा सुटलीय."

सुटली कसली! तिनेच कोपऱ्यात लोण्याची सुरी घालून उचकटली होती. ज्या दिवशी घरातलं एखादं यंत्र त्याच्या हातून वाचवायचं असेल, नेमकी त्याच दिवशी चौकट सुटायची. ऑरेस्ट दिवसभर तिच्याशी झुंजायचा आणि यंत्र सुखरूप राहायचं. निर्धास्त होऊन स्टेफा चर्चमध्ये बायकांबरोबर पानं गुंडाळायला गेली.

दुपारी घरी येऊन तिने भरलेले ट्रे ओव्हनमध्ये सरकवले आणि चहा घेऊन टेकली. घमघमाट सुटला.

"चौकट बसली का रे?"

"केव्हाच! कडेकडेने अंगठा दाबत गेलं की क्लिपा पटापट बसतात. आणि म्हातारे, पुढच्या वेळी सुरी धुऊन घे. क्लिपांत लोणी सापडतं."

स्टेफाचे कान तापले. "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच वेळी. तुला मजा येत होती, मग कशाला बोलू?"

"मग सकाळभर केलंस काय?"

"मघाशी दार करकरलं का?" ऑरेस्टची छाती फुगली होती.

स्टेफाने धावत जाऊन ओव्हनचं दार ओढलं. ते जागचं हलेना. करकर थांबवायला त्याने कडेने नवी रबरी पट्टी चिकटवली होती. तापून गोंद पाघळला आणि दार गच्च बसलं.

"अख्खं गाव जेवायला येणार आहे, मेल्या! त्यांना काय तुझा गोंद वाढू?"

"ओरडू नकोस. तुझी ती सुरी दे."

त्याने खालच्या कोपऱ्यात टोक घातलं आणि घाई न करता कडेकडेने फिरवत नेलं. दार सुटलं. वरची पानं जरा करपली होती, एवढंच.

"हे कुठे शिकलास?"

"तुझ्याच शाळेत."

करपलेल्या पानांचं गावाने तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरेस्ट वॉशिंग मशीनभोवती घुटमळू लागला, तेव्हा स्टेफाने गुपचूप सुरी काढली आणि या वेळी आधी स्वच्छ धुतली.