दर एकविसाव्या दिवसाचा लाल गोल

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, कॅलेंडरवर दर तीन आठवड्यांनी लाल गोल कशाचा?" मी म्हटलं, "इंजेक्शनचा." तेवढ्यात तुमच्या शाळेची वेळ झाली. माझं इंजेक्शन नव्हे, हे सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते आहे.

नोकरीची सगळी वर्षं मी एकाच जंतूचा अभ्यास केला. स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो. तो मुलांचा घसा धरतो, आणि वेळेवर पेनिसिलिन मिळालं नाही तर काहींचे सांधे सुजतात, हृदयाची झडप कायमची बिघडते. तो शोधायचा तर घशातून फिरवलेला कापूस रक्त घातलेल्या काचेच्या बशीवर ओढायचा. दुसऱ्या दिवशी बारीक ठिपक्यांभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडं दिसलं, की सापडला.

मी अकोल्याच्या प्रयोगशाळेत नवीन होते. मुदत संपलेल्या रक्ताच्या बाटल्या शेजारच्या रक्तपेढीतून यायच्या, आम्ही तेच रक्त बशीत वापरायचो. मेंढीचं रक्त हवं, हे मी इंग्रजी पुस्तकातून पाठ केलेलं होतं. पण टाकून देण्यापेक्षा वापरलेलं बरं, असं सगळे म्हणायचे. मीही मान डोलावली. माणसाच्या त्या जुन्या रक्तात कडं धड उमटत नसे.

मूर्तिजापूरजवळच्या एका शाळेतल्या मुलांचे घसे आम्ही तपासले. नऊ वर्षांच्या एका मुलीच्या कागदावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जंतू आढळला नाही.' महिन्याभराने वडील तिला कडेवर घेऊन आले. तिचे गुडघे सुजले होते, झडपेवरही परिणाम झाला होता.

"तुमीच लिवलं होतं ना बाई, काही नाही म्हणून?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं.

"कधीकधी सापडत नाही," मी म्हटलं. बशीत काय घातलं होतं, ते सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्या गावाजवळ मेंढ्या राखणाऱ्या एका धनगराकडे गेले. मेंढीच्या मानेतून थोडं रक्त काढलं, ते गोठू नये म्हणून काचेचे मणी घातलेल्या चंबूत हलवत बसले. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

"ताक करून राहिली का वो बाई?"

"लेकरांचे घसे तपासायला लागतं."

"मेंढीच्या रगतानं लेकराचा घसा कळते? आमाले येडं समजून राहिली का?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पाहा, शिकून असं होते!"

त्या रक्ताच्या बशीत दुसऱ्या दिवशी लख्ख कडी उमटली. पुढचं माझं सगळं संशोधन, सगळे निबंध त्या बशीवर उभे आहेत. त्या मुलीला मात्र दर एकविसाव्या दिवशी पेनिसिलिनचं इंजेक्शन ठरलं, मोठी होईपर्यंत, कदाचित त्यानंतरही. एकही चुकवून चालणार नव्हतं. पुन्हा घसा धरला तर झडप आणखी बिघडणार.

ती पॅसेंजरने वडिलांबरोबर यायची. सुई टोचून घेतली की लंगडत माझ्या टेबलाशी. घशाचा कापूस घेतल्याशिवाय हलायची नाही, आणि पुढच्या खेपेला पहिला प्रश्न, "बाई, माह्या घशात काय उगवलं?"

"काही नाही."

"बरोबर पाह्यलं ना?"

ती सहज विचारायची. मी दर वेळी ठरवायचे, आज सांगू. दर वेळी गाडीची वेळ व्हायची.

दहावी झाल्यावर त्यांचं बिऱ्हाड तिवशाला मामाकडे गेलं. तिथल्या डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहून दिली. ती गेल्यानंतरच्या पहिल्या एकविसाव्या दिवशी दार वाजलं की मी वर बघत होते. निवृत्त होऊन राजापेठेतल्या या घरी आले तेव्हा वाटलं, तिवसा आता जवळ आहे. तुमच्या आजोबांना घेऊन गेले. मामा वारले होते. शेजारीण म्हणाली, "ते तं कवाच गेले. लगन झालं पोरीचं, सुरतेकडं कुठंसं."

"तिला सुई लागायची..."

"मालूम हाय. आल्या आल्या आमालेच सुयांच्या तारखांचं कारड दाखोलं तिनं. म्हने, तारीख इसरली तं आठोन करून द्या. जातानी सगळ्यात आंधी कारडच पिशवीत टाकलं."

घरी आल्यावर आजोबांनीच कॅलेंडर उतरवून लाल पेन शोधून दिलं.

ती आता तुमच्या आईपेक्षा मोठी असेल. सुई अजून चालू आहे का, थांबवली का, कोणी थांबवली, मला ठाऊक नाही. मला तिचा घसा बघायचा नाही. तिला फक्त सांगायचं आहे की पहिला कागद चुकीचा होता आणि तो मी लिहिला होता.

पुढचा गोल येत्या गुरुवारी आहे. त्या दिवशी मी सकाळी बाहेर पडत नाही, दाराची कडी काढून ठेवते. तुम्हाला फोन करायचा असेल तर संध्याकाळी करा.