उदोनचा भुरका

आखनमधल्या आमच्या इन्स्टिट्यूटमागे एक कोरियन हॉटेल आहे. ते चालवणाऱ्या बाईंचं नाव मला अजूनही माहीत नाही. जर्मनीत नवी असताना मी तिथे एकटीच गेले आणि मेनूतलं ओळखीचं एकच नाव, उदोन नूडल सूप, सांगितलं.

"ते जपानी," कमरेवर हात ठेवून बाई म्हणाल्या. तरी वाफाळता वाडगा आणला आणि समोरच उभ्या राहिल्या. मी आवाज न करता खाऊ लागले.

"आवडलं नाही?"

"आवडलं की."

"मग ऐकू का येत नाही?"

मी घरी आमटीचा मारते तसा भुरका मारला. शेजारच्या टेबलावरचे आजोबा वळून बघायला लागले.

"गेनाऊ, अस्संच," म्हणत बाई समाधानाने आत गेल्या.

आखनला आल्यापासून मी जिन्यातसुद्धा पाय न वाजवता वावरत होते. त्या दुपारी वाडगा संपेपर्यंत मी कुणाकडे पाहिलंच नाही.