तळटिपेत आलेला पेपर

टिळेकर मॅडमनी अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला आणि पानाच्या तळाशी बोट टेकवलं.

"इथे कोणाचं नाव आहे?"

"तुमचं," मी म्हणालो.

"आता वर काय लिहिलंय ते वाचा."

वर शिफारस होती. मुरबाड तालुक्यात धसईच्या पुढे एक आरोग्य केंद्र आहे. तिथली प्रसूतीची सोय बंद करावी आणि तिथल्या नर्सना दुसरीकडे हलवावं, असं आरोग्य केंद्रांचा आढावा घेणाऱ्या सरकारी समितीचं म्हणणं होतं. कारण दिलं होतं की त्या हद्दीतल्या गरोदर बायका प्रसूतीसाठी तिथे जात नाहीत. याला आधार म्हणून डॉ. सुमेधा टिळेकर यांच्या शोधनिबंधाचा दाखला होता.

आरोग्यसेवा लोकांपर्यंत पोचतात का, पोचत नसतील तर कुठे अडतात, याचा अभ्यास करणारी आमची संस्था. टिळेकर मॅडम तिथल्या सर्वांत ज्येष्ठ संशोधक. मी आधी वृत्तपत्रात उपसंपादक होतो. संस्थेत माझं काम संशोधकांचं लिखाण वाचनीय करण्याचं आणि त्यांच्या पेपरचा दाखला कोण, कुठे देतं यावर लक्ष ठेवण्याचं. अशा दाखल्याला सायटेशन म्हणतात. ज्याला सायटेशन जास्त, तो संशोधक मोठा, असा या क्षेत्रातला ढोबळ हिशेब. त्या हिशेबाने मॅडमचा हा पेपर आमच्या संस्थेतला सर्वांत मोठा होता.

पेपरचा विषय साधा होता. शहापूर आणि मुरबाडकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी येते आणि बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर परत जाते. तिचं नाव मात्र सासरच्या आरोग्य केंद्रात नोंदवलेलं असतं. त्यामुळे सासरच्या केंद्राला वाटतं, बाई गेली कुठे? माहेरच्या केंद्राला वाटतं, ही आपली नव्हेच. मॅडमनी दोन्ही तालुक्यांत घरोघर जाऊन दाखवलं की प्रत्येक केंद्रातून जशा सुना बाहेर जातात, तशाच लेकी आत येतात. काम दोन्हीकडे होतं, पण हिशेबात दिसत नाही.

मसुद्यात यातला अर्धा भाग होता. सुना बाहेर जातात, एवढाच. लेकी येतात, हे कुठेच नव्हतं.

मला पहिली शंका आली ती लबाडीची. डेस्कवरची सवय. मी दाखल्यांचा माग काढला. समितीने मॅडमचा पेपर वाचलाच नव्हता. तिने एक आढावा लेख वाचला होता. आढावा लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या एका लेखातलं वाक्य घेतलं होतं. त्या लेखाने मॅडमच्या पेपरचा फक्त सारांश पाहिला होता आणि आपल्याला लागणारं अर्धं वाक्य उचललं होतं. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. वृत्तपत्रात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. हा पेपर तसा तीनदा कापला गेला होता.

संचालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली.

"कडक पत्र लिहू या," मी म्हणालो. "सगळी साखळी मांडतो."

संचालकांना ते पटलं नाही. "मॅडम, हा आपला सर्वांत जास्त सायटेशनवाला पेपर. तो चुकीचा वाचला गेला असं आपणच जगाला सांगायचं? उद्या लोक बाकीचे दाखलेही तपासतील."

"तपासू देत," मॅडम म्हणाल्या.

"समितीचे अध्यक्ष डॉ. निकम आहेत. तुमचा पेपर वर्गात शिकवतात ते. आदर आहे त्यांना तुमच्याबद्दल."

"आदर असल्यावर वाचायचं राहून जातं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पत्र नको. ज्यांनी पेपर वाचला नाही ते पत्र तरी कशाला वाचतील? मसुद्यावरची समितीची सुनावणी शहापूरच्या ऑफिसात ठेवलीय. ती त्या आरोग्य केंद्रातच ठेवा, एवढी एक ओळ निकमांना लिहा. गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस असेल त्या दिवशी."

निकमांचा लगेच होकार आला.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा केंद्राचा व्हरांडा भरला होता. बाकावर गरोदर बायका आणि त्यांच्या पायाशी पिशव्या घेऊन बसलेल्या त्यांच्या आया. गायकर सिस्टर वजनकाट्यापाशी उभ्या होत्या. बंद होणार होतं ते त्यांचंच प्रसूतिगृह. त्यांनी आम्हाला चहा विचारला आणि मॅडमना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "माझी बदली होईल हो, त्याचं काय नाय. पन वरच्या पाड्यातून इथं यायलाच बाईचा जीव जातो. ती मुरबाडला कधी पोचनार?"

"मी बघते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तपासणी थांबवू नका."

डॉ. निकम सौम्य आणि टापटिपीचे गृहस्थ होते. त्यांनी मॅडमना वाकून नमस्कार केला. त्यांच्या हातात टॅबलेट होता. "मॅडम, आज आपण रीतसर प्रश्नावलीच वापरू. आंतरराष्ट्रीय आहे. बऱ्याच देशांत तपासून घेतलेली. मराठी भाषांतर नुकतंच आलंय."

"वापरा की."

बाकाच्या टोकाला दर्शना नावाची मुलगी बसली होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. शेजारी तिची आई, पारूबाई. निकमांनी पहिला प्रश्न विचारला, पत्त्याचा. दर्शनाने सासरचा, वाशिंदचा पत्ता सांगितला. निकमांनी सोबतच्या सदस्यांकडे पाहिलं. पत्ता वाशिंदचा, म्हणजे ही बाई या केंद्राच्या हिशेबात नाही. समितीने सगळं गणित याच पद्धतीने मांडलं होतं.

मग त्यांनी पुढचा प्रश्न टॅबलेटवरून वाचला. "प्रसूतीपश्चात कालावधीत आपल्यासाठी उष्ण जलाची तजवीज कोणत्या व्यक्तीमार्फत होईल?"

दर्शनाने आईकडे पाहिलं. आईने सिस्टरकडे पाहिलं.

"काय ते?" पारूबाई म्हणाल्या.

"गरम पाण्याचं, आई. व्यवस्था."

"गिझर ना? तो तिच्या वाशिंदच्या घरी हाय. आमच्याकडं नाय."

निकमांनी टॅबलेटवर टिकमार्क केला. आमच्यासमोर चुकीचं उत्तर जमा झालं. सासरी गिझर, म्हणजे बाळंतपण सासरी.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला होता. मग मीही तो प्रश्न ओळखला. तो त्यांचाच प्रश्न होता.

त्याची हकीकत पेपरच्या पद्धती सांगणाऱ्या भागात आहे, जो भाग सहसा कोणी वाचत नाही. 'बाळंतपण कुठे करणार' असं विचारलं की बायका विचारणाऱ्याला बरं वाटेल ते उत्तर देतात. पत्ता विचारला की सासरचा सांगतात. म्हणून मॅडमनी दोन्ही प्रश्न सोडून दिले आणि एकच ठेवला: बाळंतिणीचं पाणी कोण तापवणार? बाळ-बाळंतिणीला रोज गरम पाण्याने न्हाऊ घालतात. ते पाणी जी तापवणार, तिच्याच घरी बाळंतपण. या प्रश्नाला कोणी खोटं उत्तर देत नाही. खोटं बोलावं असं त्यात कोणाला काही दिसतच नाही.

पेपर छापून आल्यावर परदेशातल्या संशोधकांनी तो प्रश्न उचलला. जिथे जिथे मुली बाळंतपणाला आईकडे जातात, तिथे तो लागू पडला. त्याचं इंग्रजी झालं, इतर भाषा झाल्या, तो प्रमाणित प्रश्नावलीत गेला. वाटेत कुठेतरी मॅडमचं नाव गळलं. आणि आता शहापूर-मुरबाडच्या ओसरीवर तयार झालेला तो प्रश्न जगभर फिरून, इंग्रजीतून पुन्हा मराठीत येऊन, याच तालुक्यातल्या एका बाकासमोर उभा होता. इथल्याच बायकांना तो कळत नव्हता.

"मी विचारू का?" मॅडम म्हणाल्या.

"अवश्य."

मॅडम खुर्ची सोडून बाकावर, दर्शना आणि पारूबाईंच्या मध्ये बसल्या. "काय गो, बाळंतपणाचं पाणी कोण तापवणार?"

"आय," दर्शना म्हणाली.

"मंग कोन?" पारूबाई म्हणाल्या. "जावई? तो तापवील, नि फोनवर बोलत उतू घालवील."

बाक हसला. मॅडमनी तोच प्रश्न पलीकडच्या मुलीला विचारला. तिचं सासर आसनगावला. "माझी आयच." तिच्या पलीकडची शहापूरला दिलेली. "आय नाय मला. मावशी तापवील. ही काय, इथंच बसलेय." मावशीने हात वर केला.

मग कोणाला विचारावंच लागलं नाही. बायका आपणहून सांगू लागल्या. पत्ता कल्याण, पाणी इथं. पत्ता वाशिंद, पाणी इथं. एक मुलगी तेवढी निराळी होती. ती इथली सून. "मी पुढच्या आठवड्यात जानार. आमचं पानी टोकावड्याला." तिच्या आईने तिला लगेच दटावलं, "डॉक्टरांसमोर काय सांगतेस? नाव कापतील." आई तिला न्यायलाच आली होती.

समितीच्या हिशेबात धरली जाणारी त्या बाकावरची ती एकटी. आणि नेमकी तीच जाणार होती. बाकीच्या सगळ्या, ज्यांना हिशेबात जागा नव्हती, त्या गायकर सिस्टरांच्या हाताखाली बाळंत होणार होत्या.

निकमांनी टॅबलेट मिटवला. मग म्हणाले, "मॅडम, हा प्रश्न तुमचा आहे?"

"त्याचा मूळ पाठ माझ्याकडे आहे," मॅडम म्हणाल्या. "पाठवते. पेपरही पाठवते. सगळा."

"मी शिकवतो तो."

"माहीत आहे मला."

निकमांच्या मोठेपणाचीही नोंद करायला हवी. ते गाडीत बसून निघून गेले नाहीत. त्यांनी तिथेच, व्हरांड्यात, सदस्यांना पेपर फोनवर उघडायला लावला आणि पहिल्या पानापासून वाचून घेतला. तपासणी शेजारी चालूच होती. सिस्टर मधूनमधून "ताई, जरा सरका" म्हणत समितीच्या मधून बायकांना काट्यापर्यंत नेत होत्या.

काही आठवड्यांनी अंतिम अहवाल आला. प्रसूतिगृह बंद करण्याची शिफारस त्यात नव्हती. बाळंतपण जिथे झालं त्या केंद्राच्या नावावर ते मोजावं, अशी एक ओळ नव्याने आली होती. दर्शनाला तोवर मुलगी झाली होती, त्याच केंद्रात.

मी अहवालात मॅडमचं नाव शोधलं. सापडलं नाही. शिफारस गेली तशी तिची तळटीपही गेली. नव्या ओळीला तळटीप नव्हती, ती समितीचं स्वतःचं मत म्हणून आली होती. संचालकांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे एक सायटेशन कमी झालं." हिशेबाने ते बरोबर होतं.

मॅडमना सांगितलं. त्या दुसऱ्या कुठल्यातरी पेपरची प्रुफं तपासत होत्या. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

संशोधनाचा प्रभाव मोजायला आता चांगलं सॉफ्टवेअर आहे. कोणी कोणाचं नाव किती वेळा लिहिलं ते एका क्लिकमध्ये दिसतं. वाचून लिहिलं की न वाचता, हे ते सांगत नाही. वाचल्यामुळे काय व्हायचं टळलं, हे तर नाहीच. धसईच्या पुढचं ते प्रसूतिगृह उघडं आहे. मॅडमच्या सायटेशनच्या आलेखात त्या जागी आकडा एकाने उतरलेला दिसतो.