सटवीच्या कागदावरचं ‘अस्पताळ’

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मला कधी भीती वाटली नाही, तिटकाराच आला. बाळंतीण दगावली की ‘बाहेरचं लागलं’ म्हणायचं आणि हात झटकायचे! तीच मी आज हे लिहायला बसले आहे... हसा खुशाल.

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्यानंतरची गोष्ट. मी राहायला बुऱ्हाणपुरात, शनवारा भागात. नोकरी शाहपूरकडच्या एका केंद्रात, नर्सबाईची. बाळंतपणानंतर घरोघरी जाऊन आई-बाळ तपासायचं. रिपोर्ट आता हिंदीतच लागत. माझं हिंदी म्हणजे दिव्य! ‘अस्पताल’ लिहिताना हात हमखास ‘ळ’कडे वळायचा. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यातले डॉक्टर ते चारचौघांत वाचून हसायचे. स्वतः हे विद्वान एकाही खेड्यात फिरकले नव्हते.

केळीच्या मळ्यातल्या एका घरी कमल नावाची सून बाळंत झाली. पहिलटकरीण. मी दोनदा गेले, सासूने दोनदा दारातूनच परत पाठवलं. दाराला कडुनिंब, खिडक्या गच्च बंद.

“सव्वा महिना बाहेरची सावली नको, बाई. सून एकदम ठीक आहे.”

मग बसा तशाच, म्हटलं मनात. पाचव्या दिवशी, मंगळवारी, मी गेलेच नाही. गच्चीवर पापड वाळत घातले आणि रजिस्टरात लिहून टाकलं — ‘भेट की. सब ठीक.’

शुक्रवारी रिपोर्ट द्यायला बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात गेले, तर खाटेवर कमल! ताप उतरत आलेला, पोर कुशीत. आणखी एक दिवस घरी ठेवली असती तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मग हळदीकुंकवाचे डाग पडलेला एक कागद माझ्यापुढे नाचवत हसले, “लेकिन सिस्टर, ये ‘अस्पताळ’ कब सुधरेगा?”

‘बुखार है. आज ही अस्पताळ ले जाओ.’ अक्षर माझं. ‘ळ’सुद्धा माझाच.

“हा कागद कुठला?” मी खाटेशी बसलेल्या सासूला विचारलं.

“तुम्हीच तर लिहिला ना, बाई! मंगळवारी दुपारी. सीध्या अंदर आल्या, पोटाला हात लावला, अन् पूजेतला सटवीचा कागद उचलला. मी किती गुस्सा केला! तुम्ही लिहिलं, माझ्या हाती दिलं अन् निघून गेल्या. माझ्या पोरानं वाचलं अन् गाडी जुंपली.”

पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवी येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणे. सकाळी कागद कोराच असतो, यावर मी कितीदा तरी हसले होते.

कमलने माझा हात धरला. “बाई, तुम्ही नसत्या आल्या तर...”

मी आलेच नव्हते, हे मला तिला सांगता आलं नाही. कुणी माझं अक्षर गिरवलं म्हणावं, तर त्या घराने माझी वही कधी पाहिलीच नव्हती. उलगडा आजही झालेला नाही.

त्यानंतर मला कितीही जणींनी दारातून हाकललं, तरी मी ओट्यावर बसून राहायची. आत घेतल्याशिवाय उठायची नाही. भुताला घाबरून नव्हे. त्या दिवशी जी कोणी गेली, ती माझ्याहून चांगली नर्स होती... आणि ते मला अजून सहन होत नाही.