डॉक्टरीणबाईंची पिणारी गाडी

"खरं सांग, किती ढोसलीस?"

चिंचवडच्या आमच्या गल्लीत सकाळी सकाळी हा प्रश्न ऐकू आला, की नवा भाडेकरू दचकून खिडकीशी येई. बघतो तो काय, सुती साडीतल्या, चष्मा लावलेल्या पन्नाशीच्या एक बाई लाल गाडीचं बॉनेट उघडून उभ्या. इंजिनातलं ऑइल मोजायची डिपस्टिक उजेडाकडे धरून थर्मामीटर बघावा तशी बघताहेत आणि चक्क इंजिनालाच रागावताहेत.

या आमच्या डॉक्टरीणबाई. घरातच त्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं. गाडी त्यांच्या भावाची. तो कायमचा परदेशी गेला आणि जाताना आपली विलायती, शर्यतीच्या घाटाची, दोघांपुरती गाडी बहिणीच्या दारात ठेवून गेला. तेव्हा आम्ही बहुतेक जण सायकलवर नाहीतर कंपनीच्या बसने कामाला जात होतो. बाई मात्र पदर कमरेला खोचून अशा सुटायच्या, की गाडीचा आवाज आला तरी गल्लीतल्या कोंबड्या कुंपणावर चढायच्या.

पण गाडी ऑइल पीत असे, तेही बेसुमार. रेल्वे फाटकात थोडा वेळ उभी राहून निघाली, की मागचे सायकलवाले निळ्या धुरात दिसेनासे व्हायचे. कुणी कुरकुर केली तर बाई म्हणायच्या, "डास मरतात तुमचे. आभार माना."

मी पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होतो. त्यामुळे हा रोगी आपोआप माझ्याकडे आला. मी जाड ऑइल सुचवलं. पिणं थोडं कमी झालं, पण थंडीत गाडी सुरूच होईना. गॅरेजवाल्याने दुरूनच निदान केलं, "पिस्टनच्या रिंगा गेल्या, बाई. इंजिन बोअर करावं लागेल. त्यापेक्षा विकून टाका." विलायती पिस्टन मिळण्याचे ते दिवसच नव्हते. बाई नुसत्या हसल्या आणि सीटखाली ऑइलचा आणखी एक डबा ठेवला.

मग ती दुपार आली. चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यातून दूधवाला निरोप घेऊन आला, की बाळंतीण अडलीय. बाईंनी मला शेजारी बसवलं आणि मांडीवर बॅग दिली. अर्ध्या वाटेत ऑइल प्रेशरचा काटा खाली आला. सीटखालचा डबा काढतो तर रिकामा. दुसराही रिकामा. बाई सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि समोरून येणारा ट्रक थांबवला.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, ह्ये ट्रकचं ऑइल हाय. तुमच्या नाजूक गाडीला चालंल व्हय?"

"तिला काहीही चालतं. ओत!"

आम्ही पोचलो तेव्हा घरातल्या बायकांनी रडायला सुरुवात केली होती. बाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने पोराचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे मी अंगणात खाली बसलो. परतल्यावर बाई दारात गाडी बंद करून म्हणाल्या, "हिच्या पिण्यापायी आज एक पोर आईवेगळं झालं असतं. आता हिची दारू सोडवायची."

रविवारी मी कारखान्यातून कॉम्प्रेशनचं मीटर आणलं. माझाही संशय रिंगांवरच होता. पण सगळ्या सिलिंडरांत दाब उत्तम निघाला. आत चमचाभर ऑइल सोडूनही काटा जागचा हलेना. रिंगा गेल्या असत्या तर तो चढला असता.

"म्हणजे पोट ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "वरून गळतंय कुठेतरी."

तसंच होतं. व्हॉल्व्ह ज्या नळ्यांत वरखाली होतात, त्या नळ्या झिजल्या होत्या. गाडी उभी राहिली, की तिथून ऑइल खाली झिरपायचं. फाटकातल्या ढगाचं कारण हे. पिंपरीतल्या एका लेथवाल्याने ब्राँझच्या नव्या नळ्या करून दिल्या. आता व्हॉल्व्ह जागी घट्ट बसावेत म्हणून पेस्ट लावून हाताने घासायचे होते, आणि ते मोठं वेळखाऊ काम.

बाईंनी व्हरांड्यात नजर टाकली. तिथे बाळंतिणींचे नवरे बसलेले असत. "बिड्या फुंकत काय बसलाय? घ्या, फिरवा!"

एक जण जरा लांबच बसला होता. बाईंनी वास ओळखला. "खरं सांग, किती?"

"न्हाई बाई, घोटभर."

"गाडीही हेच सांगते. घास!"

त्याने खाली मान घालून घासायला घेतलं. व्हॉल्व्हची कड चकचकायला लागली, तसा तो त्यात रंगून गेला. आतून सिस्टर आली, "मुलगी झाली हो!"

"थांबा, एवढा संपवतो."

"ऊठ, मेल्या!" बाई ओरडल्या. "आधी लेकीचं तोंड बघ."

तो धडपडत आत गेला. दोन्ही हात पेस्टने काळे झालेले. पोरीला लागू नयेत म्हणून त्याने ते पाठीमागे धरले आणि नुसता वाकून बघत राहिला. बाई दारात उभ्या होत्या. चष्मा पुसण्याइतकी धूळ त्या दिवशी नव्हती, तरी त्यांनी तो पुसला.

पुढच्या आठवड्यात फाटक उघडलं तेव्हा सायकलवाले सवयीने नाकाला रुमाल लावून तयार होते. धूर आलाच नाही. बाईंनी काच खाली करून मागे पाहिलं आणि एखाद्या शाळकरी पोरीसारखं नाक उडवलं.

पुढे बाई वारल्यावर गाडी नाशिककडच्या एका मिशीवाल्या गृहस्थाने नेली. एकदा कंपनीच्या सहलीला जाताना चाकणच्या बाजाराच्या गर्दीत आमची बस अडकली होती. खिडकीतून ती लाल गाडी दिसली आणि मी उठून उभाच राहिलो. ते मिशीवाले गृहस्थ दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, कांद्याच्या एका बैलगाडीच्या मागून शिस्तीत चालले होते. रस्ता मोकळा झाला, तरी ते मागेच. बाई असत्या तर एव्हाना बैलही कुंपणावर चढले असते.