ॲडा हेपलचं पुढचं दार

ॲडा हेपलने राजकन्येच्या तोंडावर दार आपटलं, ही गोष्ट एल्डरहोपमध्ये लोक सत्तर वर्षं चघळत होते. इंग्लंडमधल्या डरहम परगण्यातल्या या गावातली कोळशाची खाण बंद पडून जमाना झाला, पण ही गोष्ट काही बंद पडली नाही. ॲडाची मुलगी विनिफ्रेड शाळेत जायची तर गोष्ट तिच्याआधी वर्गात पोचलेली असायची. लग्नात नवऱ्याच्या मामाने पिऊन तीच उकरून काढली. पुढे टपाल कचेरीत चाळीस वर्षं नोकरी केली, तिथेही कुणीतरी खिडकीशी कोपर टेकून विचारायचंच, "काय विनी, आज दार उघडं ठेवलंयस ना?" ती हसून तिकिटं फाडून द्यायची. कुणाला खुलासा करत बसायचं नाही, असं आईने बजावलं होतं.

एकोणऐंशीव्या वर्षी मात्र तिला वाटलं, आता बोलावं. कारण राजघराण्यावरची मालिका काढणारी मंडळी गावात आली होती आणि राजकन्येची ती भेट एका भागात दाखवणार होती.

त्यांचा संशोधक जॅस्पर तिच्याकडे आला. पोरगा गोड होता. "आमच्याकडे चूक खपत नाही, बाई," तो म्हणाला. "मागे राजाच्या छातीवर एक पदक चुकीच्या जागी लागलं, तर तीनशे पत्रं आली."

विनिफ्रेडला हायसं वाटलं. तिने जिन्याखालच्या कपाटातून आईचा निळा एप्रन काढला, टवका उडालेली किटली काढली, आणि जुन्या भिंतीवरच्या गुलाबांच्या नक्षीच्या कागदाचा उरलेला तुकडाही. जॅस्परने हातमोजे घालून सगळ्याचे फोटो घेतले.

"हे सगळं घेऊन जा," ती म्हणाली, "पण दाराचं खरं दाखवा. तेवढंच मागते."

आणि तिने आयुष्यात प्रथमच सांगितलं. खाणकामगारांच्या चाळीत पुढचं दार रोजच्या वापराचं नसायचं. येणंजाणं सगळं मागून, कोळशाच्या खोपटांवरून. पुढचं दार उघडायचं ते नवरी निघताना आणि माणूस मेल्यावर. खाणीत स्फोट झाला तेव्हा विनिफ्रेड नऊ वर्षांची होती. पाच दिवस एकेक मृतदेह वर येत होता आणि गल्लीत एकेका घराचं पुढचं दार उघडत होतं. तिचे वडील अजून खालीच होते. आईने पुढच्या खोलीत दोन लाकडी घोडे मांडून ठेवले होते, शवपेटी ठेवायला, आणि त्यांवर पांढरी चादर. नवऱ्याच्या आधी त्या दारातून कुणी आत यायचं नव्हतं.

सहाव्या दिवशी राजकन्या आली. तिच्या अधिकाऱ्याने पुढचं दार ठोठावलं. आईने खिडकी वर केली आणि म्हणाली, "मागून या." अधिकारी लाल झाला. बातमीदारांनी बंद दार पाहिलं आणि लिहून घेतलं. राजकन्या मात्र एका बाईला बरोबर घेऊन चिखलातून, संडासांच्या रांगेवरून चालत मागे गेली. तिथे कॅमेरे नव्हते. स्वयंपाकघरात स्टुलावर दहा मिनिटं बसली, चहा प्याली. कुणी रडलं नाही. निघताना तिने आईला विचारलं, "ते दार त्यांच्यासाठी ठेवलंय का?" आई म्हणाली, "हो."

जॅस्परचे डोळे भरून आले होते. मी बघतो, असं म्हणून तो गेला.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. "दिग्दर्शक म्हणतात, बंद दाराला त्या काळच्या दोन वर्तमानपत्रांचा पुरावा आहे. मागच्या दाराला काहीच नाही. आणि तुम्ही तेव्हा नऊ वर्षांच्या होतात."

"मी तिथे होते रे, बाळा."

"मला माहीत आहे, बाई," तो म्हणाला.

तो भाग लागला त्या रविवारी विनिफ्रेडची नात टेस मुद्दाम आली होती. पडद्यावर भिंतीवरचे गुलाब हुबेहूब तेच. किटलीचा टवकाही त्याच जागी. असं सगळं खरं मांडून ठेवलं की मधलं खोटं कुणाला टोचत नाही. निळ्या एप्रनमधली नटी दार उघडते, राजकन्येला चार तिखट शब्द सुनावते आणि धाडकन दार लावते. बाहेर राजकन्या एकटी. वर व्हायोलिन.

"आजी, पणजी काय जबरदस्त होती गं!" टेस उठूनच उभी राहिली. "सरळ राजघराण्याला हाकललं!"

इतकी वर्षं जी लाज होती, ती आता अभिमान होऊन घरात शिरत होती, आणि दोन्ही सारखीच खोटी. विनिफ्रेडला संताप आला. तिने टीव्ही बंद केला आणि टेसला समोर बसवून सगळं सांगितलं.

"मग पणजोबा आले त्या दारातून?" टेसने हळूच विचारलं.

"नाही. खाली आग पेटलेली होती. नवव्या दिवशी खाणीचं तोंड बुजवलं. अकरा माणसं आतच राहिली. घोडे आईने वर्षभर हलवले नाहीत."

"आणि दार?"

"ते तिने पुन्हा उघडलं नाही. मरताना म्हणाली, तो आला नाही त्या दारातून मी कशी जाऊ, मला मागून न्या. नेलं आम्ही. गल्लीत लोक म्हणाले, बघा, हेपलांना कसलीच रीत नाही, मढंसुद्धा मागच्या दाराने काढलं. मी पेटीमागून चालत होते. ऐकलं, आणि तोंड मिटून राहिले."

टेसने आजीचा हात धरला. मग म्हणाली, "मला पणजीबद्दल सांग. खिडकी वर करून 'मागून या' म्हणाली, तेव्हा कशी दिसत होती?"

विनिफ्रेडने डोळे मिटले. खिडकी दिसली, वर सरकवणारे हात दिसले, निळा एप्रन दिसला. तिने आणखी थोडं वर पाहिलं.

"थांब जरा," ती म्हणाली. डोळे तिने घट्ट मिटून घेतले होते. "आईचा चेहरा येत नाहीये गं. त्या टीव्हीतल्या बाईचाच येतोय."