चाचा जिथं थांबतात

मित्रांनो, आत्ताच केडगावातून लग्न वाजवून आलोय. बँडचा ड्रेस अजून अंगावर आहे, पण आधी हे लिहितो.

मी बँडमध्ये ड्रम वाजवतो आणि मोबाईलवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतली जुनी दुःखाची गाणी, ऐकायचा मला नाद आहे. त्यात एकच जुनं गाणं प्रत्येक जण आपापल्या दुःखासारखं वाजवतो. आमच्याकडं बिदाईच्या धूनचं तसंच आहे. कोपरगावचे गोरखमामा ती क्लॅरनेटवर हरकती घेत खुलवतात. आमचे रशीदचाचा साधी वाजवतात आणि मध्येच थांबतात.

मामा चिडवायचे, "चाचा, दम संपला व्हय?"

चाचा म्हणायचे, "पोरीला रडायला जागा नको का?"

आज लग्न चाचांच्याच मुलीचं होतं. वाजवायला त्यांनी मामांना बोलावलं. मला धाकधूक होती, की मामा आजही हरकतीच घेत बसणार.

मुलगी गाडीपाशी आली. मामांनी धून धरली, ती अगदी साधी. चाचा जिथं थांबतात, बरोबर तिथं त्यांनी क्लॅरनेट खाली घेतलं. माझ्याही काठ्या थांबल्या.

त्या शांततेत चाचा मुलीला जवळ घेऊन रडले. इतकी वर्षं प्रत्येक बिदाईला मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो, पण त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तोंडात क्लॅरनेट असलं की रडता येत नाही.

चाचांनी मान हलवली, तेव्हाच मामांनी पुढची ओळ घेतली.

तुमच्या घरच्या पाठवणीला वाजवणाऱ्याचा चेहरा कुणाला आठवतो का?